किनाऱ्याकडचं टोक

रेवस, माघ शुद्ध षष्ठी, शके १८५५. दिवेलागण.

शेठजींच्या शिडाच्या बोटीला आज धक्क्यावरच्या डायनामोची वीज जोडायची होती. धर्मा तांडेलाला दहादा बजावलं होतं, "तारेचं टोक आधी बोटीत बसव, मग धक्क्यावर. हाक दिलीस की मगच मी वीज सोडेन." पण जन्मभर त्याने दोर आधी किनाऱ्याला बांधला, मग होडीला. हात सवयीनेच चालला. धक्क्यावरच्या इंजिनाच्या खोलीतून पाहतो तर धक्क्याकडचं टोक आधीच बसवून, तारेचं दुसरं मोकळं टोक धरून तो गुडघाभर पाण्यातून बोटीकडे निघालेला. टोकाला पितळेचे दोन उघडे दात, आणि त्याचा ओला पंजा बोटभर अंतरावर. झेप घालून वीज बंद केली.

वर आल्यावर माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला. "माजंच चुकलं, मास्तर. तुमी व्हता म्हनून वाचलो." शेठजींनी माझी पाठ थोपटली.

पण त्याने हाक कुठे दिली होती? शेठजींचे पाहुणे यायच्या आत बोटीवर दिवे लागावेत म्हणून वीज मीच आधी सोडली होती. ते पितळी दात, तो ओला पंजा... आणि मी त्याला म्हणालो काय? "असू दे धर्मा, पुन्हा असं करू नकोस."