सोवळ्याची पेटी

५ ऑगस्ट ६६, शुक्रवार
सापडली एकदाची जागा. फॅक्टरीचा डॉक्टर म्हणाला होता, कँटोनमेंटात चर्चमागचा हॉल. तिथे चर्च काय एक आहे? पहिल्या ठिकाणी गाण्याची तालीम. दुसऱ्या ठिकाणी मागच्या खोलीत काही माणसं, चहाची किटली. आडनाव कोणी विचारत नाही. फ्रेड म्हणून रिटायर्ड रेल्वेवाला चालवतो. म्हणाला, बोललंच पाहिजे असं नाही, दारू सोडायची इच्छा पुरे. नाही बोललो. बायकोला, कुसुमला, ओव्हरटाइम सांगितलाय. आज प्यालो नाही.

१२ ऑगस्ट, शुक्रवार
मीटिंगला ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलायचं अशी पद्धत. इंग्रजी, तमिळ, कन्नड. कळो न कळो, बाकीचे ऐकतात. मला इंग्रजीत ड्रॉइंग समजावता येतं, हे नाही येत. मग मराठीत सुरू केलं. इथे कोणाला कळणार? सगळं ओकलो. बाटली कुठे ठेवायचो तेसुद्धा. देवघरात, सोवळ्याच्या पेटीत, पूजेच्या मुकट्याखाली. सोवळ्यात असल्याशिवाय कोणी शिवायचं नाही हा नियम माझाच, त्यामुळे कु. कधी हात लावणार नाही. आणि तोच मुकटा नेसून गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा केली. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. हलकं वाटलं.

बसस्टॉपवर बसप्पा अण्णा शेजारी येऊन उभा. गिरणीत आहे, येलहंकेहून येतो, मीटिंगमध्ये कन्नड बोलतो. म्हणाला, “बरं केलासा बघा, बोललासा ते.” बेळगावचा निघाला. म्हणजे माझं मराठी त्याला सगळं कळलेलं. “हितलं हितंच ऱ्हातंय. स्वल्प धीर धरा,” म्हणाला.

२८ ऑगस्ट, रविवार
मंडळाची सभा. इतकी वर्षं पूजेला मीच बसतो. अध्यक्ष आपटे म्हणाले, “यंदा देसायांना बसू देत. तुम्हाला जरा विश्रांती.” कोणी मान वर करेना. बाहेर चपला घालताना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “रागावू नका. पण देवाच्या पेटीत काय ठेवावं, याला काही मर्यादा असते हो.”

तळपायाची आग मस्तकाला गेली. पेटीचं मी एकाच खोलीत बोललो होतो. आणि तिथे मराठी कळणारा एकच माणूस.

२ सप्टेंबर, शुक्रवार
मीटिंगला गेलो ते भांडायलाच. सगळ्यांसमोर अण्णाला विचारलं, कोणाकोणाला सांगितलंस? मराठी येतं हे आधी का नाही बोललास, चोरासारखा ऐकत बसलास? तो चिडला नाही, उठलाही नाही. “म्या न्हाई सांगितलं.” बस, एवढंच. फ्रेड मध्ये पडला, त्यालाही नको ते बोललो. केसाने गळा कापला माझा या लोकांनी. पुन्हा पाऊल ठेवायचं नाही तिथे.

येताना बाटली विकत घेतली. पेटीत आहे. अजून उघडलेली नाही.

४ सप्टेंबर, रविवार
राहवेना, कु.ला सगळं सांगून टाकलं. मीटिंग, पेटी, अण्णाचा दगाफटका. ही शेंगा सोलत होती. मान खालीच. म्हणाली, “त्या माणसाला शिव्या घालू नका. आपटेवहिनींना मी सांगितलं.”

गेल्या गणपतीनंतर मी मुकटा वाऱ्यावर टाकला होता, तेव्हा तिला वास आला. ओवळ्यानेच पेटी उघडून बघितली म्हणाली. म्हणजे वर्षभर माहीत. मी तोंड चुकवत फिरतोय, नि ही बघतेय.
“मला विचारायचंस ना.”
“काय विचारू? तुमचा नियम मोडला, हे आधी सांगायला लागलं असतं. यंदा पुन्हा तुम्ही त्याच कापडात देवासमोर बसणार, नि मी बायकांत बसून हात जोडणार. नाही जमलं मला.”
टरफलं गोळा करत म्हणाली, “चार परक्या माणसांना सांगितलंत. मला नाही सांगितलंत.”

खरं आहे ते. तरी राग जात नाही. घरच्या माणसाने गावभर करावं? तिच्याशी बोलत नाहीये. अण्णासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, तेही कळत नाही.

९ सप्टेंबर, शुक्रवार
मीटिंगला निघालोच नाही. रात्री दार वाजलं. अण्णा. मीटिंग सुटल्यावर बस बदलत, राजाजीनगरात मराठी घरं विचारत आला. कु.ने कोण म्हणून विचारलं. “बसप्पा. ह्यांच्यासंगं शुक्रवारी बसतो. आज दिसले न्हाईत म्हणून…” तिने त्याला बसवलं, कॉफी टाकली. मी इकडे देवघरात. ऐकू येतंय सगळं. कु. विचारते, घरी कोण कोण असतं? “बायको हुती की,” म्हणाला.

पेटी पुढ्यात उघडी आहे. बाटलीचं सील तसंच. ही घेऊन बाहेर जाऊन त्याच्यासमोर ठेवायची, की मुकट्याखाली सरकवून हात हलवत जायचं, ठरत नाही. एकदा वाटतं, दोघांनी मिळून मला पकडलंय. एकदा वाटतं…

कु. आली. कॉफी निवतेय म्हणाली. पेटी बघितली, बाटली बघितली. गेली नाही. सोवळ्यात नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलीय. हे लिहितोय तरी तशीच उभी आहे. आत ये म्हणायला हवं. मीच म्हणायला हवं.