‘निराशावाद’ शेजारच्या टेबलावर गेला त्याची हकिगत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला असेल असं लिहिणार होतो, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणून नुसतं विचारतो, थांबला का? मी ठीक आहे. (वजन दोन किलोने उतरलं, पण तो आजार नव्हे, मत्सर आहे.)

कारण असं. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत गेली एकवीस वर्षं मी शब्दांचे अर्थ लिहितोय. यंदा ‘न’ची पाळी होती. कुणी कोणता शब्द लिहायचा त्याच्या चिठ्ठ्या आमच्या संपादकबाई वाटतात, आणि ‘निराशावाद’ माझ्याकडेच येणार हे मी धरून चाललो होतो. (आयुष्यात एकदाच काही चांगलं धरून चाललो, त्याचं हे फळ.) माझ्या वाट्याला ‘निरर्थक’, ‘निरुपद्रवी’ आणि ‘निरुपयोगी’ आले. ‘निराशावाद’ गेला शेजारच्या टेबलावर, सदाफुलीकडे.

सदाफुली हे आम्ही त्याला ठेवलेलं नाव. तीन वर्षांमागे आला तेव्हापासून हसतोच आहे. छत गळून त्याच्या कागदांवर पाणी पडलं, तेव्हा म्हणाला, बरं झालं, टेबल पुसायचंच होतं. त्याच्या डोक्यावर केस आहेत. संपादकबाई त्याला बसा म्हणतात. मला एकवीस वर्षं उभ्या उभ्याच वाटेला लावतात. तेही मी सोसलं. पण ज्याचं ताट भरलेलं, त्यानं माझ्या पानातलं मीठही उचलावं?

तो चहाला गेला तेव्हा मी त्याची चिठ्ठी वाचली. (चोरून नव्हे. ती उलटी होती, मी सुलटी केली.) लिहिलं होतं : ‘निराशावाद – पु., मन खिन्न होणे, हिरमोड. उदा. शेजारचे गृहस्थ सकाळपासून निराशावादात बसले आहेत.’

अर्थ चुकला, वापर चुकला, आणि उदाहरणाला मी. ताई, तू सांग, निराशावादात कुणी बसतं का? माणूस निराशेत बसतो. निराशा म्हणजे सर्दी, येते आणि जाते. निराशावाद म्हणजे नाकाची ठेवण. निराश माणूस गाडी चुकल्यावर हळहळतो, निराशावादी तिकीट काढतानाच हळहळून मोकळा होतो. हे सगळं मी संपादकबाईंना उभ्यानेच समजावलं. त्यांनी चष्मा काढून ऐकलं आणि म्हणाल्या, “चुकलंय खरं. तुम्ही दोघं मिळून नीट करा. पण उदाहरण काढू नका हं, चटकन समजतं.”

मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, उदाहरणच खोटं पाडतो. आमच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये मी आजवर पाय ठेवला नव्हता. चार मजले जिन्याने जातो. त्या दुपारी सदाफुली म्हणाला, “चला हो, काही होत नाही.” मी हसत (हो, हसत) आत शिरलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट बसली ती बसलीच. दिवाही गेला.

माझ्या पिशवीत बॅटरी, पाण्याची बाटली, बिस्किटं, शिट्टी आणि मोज्यांचा जादा जोड असतो. सदाफुलीकडे रुमाल होता. दहा मिनिटं त्यानं विनोद केले, मग मटकन खाली बसला.

“कुणी येणार नाही,” तो म्हणाला.

मी शिट्टी वाजवायला घेतली, तर म्हणाला, “कशाला दमता? कुणाला ऐकू जाणार?”

मी वाजवत राहिलो. मध्ये त्याला बिस्किटं दिली. खाता खाता तो हळूहळू बोलायला लागला. डाव्या डोळ्याने त्याला वर्षभर धुरकट दिसतं. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिलेला कागद घरी कपाटात पडलाय. “डोळा जायचा तर जाणारच,” म्हणाला. “तपासून काय होणार? म्हणून हसतो. हसलं की लोक पुढचं विचारत नाहीत.”

ताई, मला आधी वाईट वाटलं आणि लगेच पोटात दुखलं. एकवीस वर्षं मी जी पदवी छातीवर मिरवली, तिचा खरा मानकरी हा! मी अकरा वर्षं शिट्टी बाळगतोय, म्हणजे कुणीतरी ऐकेल अशी माझी आतून खात्रीच असणार. माझा निराशावाद वरवरचा निघाला, याचा अस्सल. इथेही हाच पुढे.

तासाभराने पहारेकऱ्याने शिट्टी ऐकली आणि आम्हाला ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी मी सदाफुलीला दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब नियमित घातले तर डोळा वाचेल म्हणतात. थेंब मी घालतो, कारण तो टाळतो. (संपादकबाई आता त्याला बसा म्हणतात आणि वर चहा मागवतात. मी थेंबांची बाटली घेऊन उभा.) चिठ्ठी आम्ही नव्याने लिहिली. अर्थ माझा, वापरही सुधारला, उदाहरणातले गृहस्थ मात्र तेच राहिले, फक्त आता ‘शेजारचे गृहस्थ’ म्हणजे कोण, यावर आमचं एकमत नाही.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. सहसंपादकाची जागा निघाली आहे, गुरुवारी मुलाखत. मी अर्ज केलाय. निवड होणार नाहीच. तरी भाऊजींचा राखाडी कोट ताबडतोब पाठव, आणि बाह्या दोन बोटं वाढवून पाठव, म्हणजे पुढे रोज घालता येईल.

ता. क. २ : सदाफुलीनेही अर्ज केला होता. आज सकाळी मागे घेतला. म्हणाला, “तुम्ही असताना मला कुठली मिळतेय?” ताई, हे वाक्य मी मुलाखतीनंतर त्याला म्हणायला तयार करून ठेवलं होतं.