मंदाच्या माळ्यावरचा डबा

६ ऑक्टो., सोमवार
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून समोरच्या चाळीचं नेट जातंय-येतंय. सकाळपासून फोन. शोभाताई नेट, शोभाताई नेट. जसं काय मी घरात कोंडून ठेवलंय. पाटलीण म्हणते, "तुझा नवरा होता तेव्हा असं नव्हतं हां." नव्हतं. माहितीय मला.
नेट कंपनीच्या इंजिनियरचा फोन. शनिवारपर्यंत लाईन स्टेडी दिसली नाही तर चाळ दुसऱ्या केबलवाल्याला. वर म्हणतो, "टेक्निकल जमत नसेल तर सांगा मॅडम." चौथी शिकलेय, पण तू चड्डीत होतास तेव्हापासून गच्चीवर वायरी ओढतेय मेल्या. फोन ठेवला. बोलायला पाहिजे होतं.

७, मंगळवार
दोन्हीकडचे कन्व्हर्टर, म्हणजे नेटचे डबे, बघितले. माझ्या जिन्याखालच्या खोलीत A, समोरच्या चाळीत मंदाच्या माळ्यावर B. A काचेच्या वायरमधून उजेडाने नेट पाठवतो, B घेऊन चाळभर वाटतो. पाठीमागची स्पीडची बारकी बटणं, माझ्याकडे ऑटोवर, मंदाकडे १०० वर. हेअरपिनने सारखी केली. तीनपर्यंत ठीक. मग हिरवा दिवा परत फडफडायला लागला.
स्पेअर डबा आहे तो पण A. दोन A समोरासमोर बसवले तर दोघं घुम्म. कोणी आणला असला? मीच.

८, बुधवार
इंजि. आला. माळ्यावर चढलाच नाही, शर्ट मळेल ना. खालून मोबाईलवर बघून म्हणे, "कोणीतरी पॉवर बंद-चालू करतंय."
कोणीतरी म्हणजे? बटण मंदाच्या घरात.
डोकं फिरलं. पाच वाजलेले, सगळ्या बायका नळावर. तिथेच बोलले, "मंदा, दसऱ्याला डब्याची पूजा केली ती खुपली ना तुला? म्हणून बटण बंद करतेस."
मंदाकडे देव नाहीत. एक बुद्धाची तसबीर, बस. दसऱ्याला तीच हसत म्हणालेली, "शोभे, तुझा डबा, तुझी पूजा. माझ्या भिंतीला कुंकू लावू नको म्हणजे झालं." शिडी पण तिनेच धरलेली.
मंदाने हंडा भरला, कमरेवर घेतला. मग म्हणाली, "रविवारी डबा काढ माझ्या घरातून."
काढते की. भीती आहे काय.

९, गुरुवार
भीती आहे. काचेची वायर मंदाच्या माळ्यापर्यंतच पोचते. पुढे ओढायची तर आधी डबा ठेवायला कोणीतरी हो म्हणायला पाहिजे. सावंतीण, "आमच्याकडे जागा नाय गो." कदमांच्या सुनेने दार पण उघडलं नाही. नेट सगळ्यांना पाहिजे, डबा कोणाला नको. मंदाने एवढी वर्षं ठेवला. गावाला जाताना सगळी बटणं बंद करून जाते, डब्याचं तेवढं चालू. वर चिठ्ठी चिकटवून ठेवते, हात लावू नये.
ही बाई बटण बंद करेल?
तरी राग जात नाही. कोणावर ते कळत नाही म्हणून जास्तच.

१०, शुक्रवार. संकष्टी
मंदाने दार उघडलं. शिडी धरली नाही. एकटी चढले.
हे असते तर पहिलं वायरचं तोंड पुसलं असतं. मी बटणं फिरवली, भांडले, शेजार घालवला, आणि शेवटी तोंड पुसलं. पांढऱ्या फडक्यावर लाल. परत पुसलं, परत लाल. डब्याच्या भोकात पण.
कुंकू.
दसऱ्याला वायर काढून डबा लख्ख पुसला. भोकावर टोपी लावली नाही. वरून चिमूट चिमूट वाहिलं, फूल ठेवलं, आणि वायर परत खुपसली. मीच. ह्याच हातांनी.
स्पिरिट, काडी, परत स्पिरिट. हिरवा दिवा लागला तो हललाच नाही.
उतरून फडकं मंदाच्या हातात दिलं. बघितलं, परत दिलं. "मला काय दाखवतेस? मी बंद केलं नाही हे मला माहीतच होतं."
दारापर्यंत आले तेव्हा म्हणाली, "नळावर बोललीस. नळावर सांग. नाहीतर रविवार."

११, शनिवार
लाईन स्टेडी. इंजि. फोनवर, "काय होतं मॅडम?"
"धूळ."
"बघा, म्हटलं नव्हतं?"
नव्हतं म्हटलंस. फोन आपटला. तो म्हणे चाळ माझ्याकडेच राहणार. डबा राहिला तर ना.
पाचला नळावर गेले, ठरवून. पाटलीण मोठ्याने, "झालं ना नीट? मंदाला दम दिलास ते बरं केलंस." मंदा तिथेच, माझ्याकडे बघत. माझी जीभ, जी बुधवारी इथेच सुटली होती, ती टाळ्याला चिकटली. अर्धा हंडा घेऊन घरी आले.
थू माझ्यावर.

१२, रविवार
सकाळी मंदाकडे गेले नाही. तिने पण बोलावलं नाही. चाळीत नेट चालू. तिच्याच बटणावर.
पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर टाकलाय, डबा काढायचा झाला तर. ते कुंकवाचं फडकं पण, न धुता, नळावर दाखवायला. दोन्ही नेते. काय लागेल ते—
पाईप खडखडला. पाणी आलं. बायकांचे आवाज येतायत, पाटलीण सगळ्यात वर. जाते.