बाबांसाठी आणलेलं पॉलिशचं मशीन

आई,

मी दातांच्या डॉक्टरांकडे जातेय. त्यांनी बाबांकडे पॉलिशला दिलेल्या गाडीच्या बॉनेटवर तळहाताएवढा रंग उडून खालचा करडा थर दिसायला लागलाय. ते त्यांना मलाच सांगायला हवं. तू बाबांना काही विचारू नकोस.

चूक माझी आहे. बाबांनी मला नवं पॉलिशचं मशीन आणायला पाठवलं आणि मी दुकानदाराला त्यांच्या हाताच्या कंपाबद्दल सांगून बसले. तो म्हणाला, "मग नुसतं गरगर फिरणारं नको. हे फिरता फिरता डुलतं, त्यामुळे रंग एका जागी तापत नाही. नवख्याच्या हातूनही गाडी बिघडणार नाही." मला पटलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'शिकाऊंसाठी' लिहिलंय, हे मात्र घरी आल्यावर दिसलं.

बाबांनीही ते वाचलं. तीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्या चमकवलेल्या माणसाने "छान आहे" म्हणून खोकं बंद केलं, आणि माळ्यावरून स्वतःचं जुनं, जड, नुसतं गरगर फिरणारं मशीन उतरवून डॉक्टरांच्या गाडीवर चालवायला घेतलं. तेव्हाच मी अडवायला हवं होतं.

आता ते दारातल्या त्या गाडीतच बसून आहेत. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "तुम्ही घ्या जेवून."

मला काही सुचत नाही गं. तू आलीस की जरा त्यांच्याजवळ जाऊन बस. मी बसले होते, तर त्यांनी उजवा हात मांडीखाली दडवला.

बारकी