डावा आरसा

६ जानेवारी

आज ट्रेलर वजनकाट्यावर नेला. वर गाय उभी करायचा लोखंडी खोडा. दोन्ही मिळून चौदाशे किलो! काटेवाला म्हणतो, "ऊस कुठाय?"

गायींची खुरं छाटायचं माझं काम चालायचं तर हा खोडा गोठ्यागोठ्यावर ओढून न्यायलाच हवा. शिरवळजवळच्या मोठ्या गोठ्यानं बोलावलंय. त्यासाठी पिकअप घ्यायची. गाडी आबा चालवणार, खुरं त्यांची लेक छाटणार. आबांचा जन्म सैन्यात गाड्या हाकण्यात गेला, म्हणजे तेवढी तरी काळजी नाही.

९ जानेवारी

विश्रामबागेत जुन्या गाड्या विकणाऱ्या पुष्करकडे आबा नि मी गेलो. जी गाडी दाखवावी तिच्याबद्दल एकच — "मॅडम, दीड टन लोड घेते." लोड! पाठीवर न्यायचंय कुणाला? ओढायचंय. ओढते किती, ते सांगेना.

शेवटी एक बरी निघाली. आबांनी बॉनेट उघडलंच नाही, डावा आरसा धरून बघितला. "बारका हाय." आणि निघाले! मी म्हटलं, "आबा, आरशानं ओढायचंय का?"

१० जानेवारी

आबांनी ट्रॅक्टर फाटकाला घासला. डावी बाजू. वर म्हणतात, "फाटक कुनी सरकवलं रं?" आई हसून बेजार.

१४ जानेवारी

तिळगूळ झाला. गाडी नाही.

१७ जानेवारी

मिळाली! फोर बाय फोर, मागं हूक, आरसे हे एवढाले. पुष्करनं ट्रेलर जोडून बघू दिला. दंडोबाच्या चढाला नेली. आबा म्हणाले, "तूच घे. मी वढ बघतो." म्हणजे चालवायची मीच!

चढ सहज चढली. उतारावर मात्र माझी गाळण उडाली. खोडा मागून ढकलतोय! "बिरेकवर हुबी ऱ्हाऊ नगंस. खालचा गिअर टाक." टाकला. सावरली.

मग म्हणे, रिव्हर्स घे. ट्रेलर सगळं उलटंच करतो — स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की हा निघाला उजवीकडे. बांधावर चढवला. चिडले मी. "चालवणार तुमी हाय न्हवं? मग मला कशाला छळताय?"

"परत घे."

घेत राहिले. शेवटी सरळ आला! आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं, गालात हसले. राग होता, पण लय बरं वाटलं.

२१ जानेवारी

गाडी दारात. आईनं ओवाळलं. आबांनी डाव्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी गाडी पुढं घेतली — लिंबू जसंच्या तसं! चाकापासून वीतभर लांब.

"आवं, दिसलं न्हाई व्हय?" आई म्हणाली. आज ती हसत नव्हती. आबा लिंबाकडे बघत राहिले.

२२ जानेवारी

सकाळी आबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई, क्रांते. दिवाळीपास्नं. डाक्टर म्हनला, आता यायची न्हाई नजर." रडले मी. ते नाही रडले.

उद्या शिरवळ. चालवणार मी. "तुमी माझ्या शेजारी बसा, आबा," म्हटलं. "डावीकडचं मी बघते."