पेरेतच्या पायांच्या भेगा

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना स्मरून मी, आन्सेल्म रिकोर्दो, तांब्यावर चित्रे कोरणारा, वय एकसष्ट, राहणार सें-जाक रस्ता, पॅरिस, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. नजर अधू झाली आहे, म्हणून अक्षर मोठे. बुद्धी शाबूत आहे.

एक. पलंग, भांडी व हिवाळी कोट मुलगी क्लोतिल्द हिला.

दोन. कोरण्या आणि तांबे गुळगुळीत करायची घोटणीही तिलाच. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे आजवर कबूल केले नाही, आता करतो.

तीन. भिंग माझा समव्यवसायी फेरां यास. मी कोरलेल्या मेंढ्यांना तो बावीस वर्षे कापसाची बोचकी म्हणत आला. आता त्याने स्वतःच्या मेंढ्या नीट पाहाव्यात.

चार. 'सुखी मेंढपाळीण' हा तांब्याचा पत्रा. तो माझा नाही, चित्रे विकणाऱ्या मालकांचा आहे. तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यातली मुलगी माझी बहीण पेरेत. गावी ती खरोखरच मेंढ्या राखत असे. तिचे पाय मी होते तसे कोरले होते: अनवाणी, भेगाळलेले. मालक म्हणाले, "उस्ताद, पाय उघडे चालतील, भेगा नाही चालणार. लोकांना दिवाणखान्यात टांगायचंय!" मी पत्रा खरवडला, पडलेला खळगा वर यावा म्हणून मागून ठोकला, घोटून गुळगुळीत केला. ओठांवर हसूही आणले. सभ्य गृहस्थहो, तुमच्या भिंतीवर हसणारे खेडे मी घोटलेले आहे! तिथे कोणी उपाशी नाही, कारण उपाशी पोटाची रेघ मी कोरलीच नाही.

पेरेत एकदा शहरात आली आणि मालकांच्या दुकानात टांगलेल्या त्या चित्रापुढे थबकली. "दादा, ही कुठली रे महाराणी? ही इथं हसत बसलीय, मग मेंढरं कोण वळतंय, हिचा बाप?" ती तूच, हे मला सांगवले नाही. त्याच हिवाळ्यात ती गोठ्यात गारठून गेली.

आता पत्रा झिजला आहे. रेघा पुन्हा खोल करण्याचे काम मालकांनी क्लोतिल्दला दिले व तिने घेतले. तिलाही पोट आहे. मी कोणत्या तोंडाने मनाई करू? फक्त विनवले, "पोरी, निदान आत्याचं खरं तोंड तरी काढ त्यात."

"काढते की, बाबा. मालक बोलले तर बोलू देत. पण आत्या गेली तेव्हा मी पाळण्यात होते. मला ठाऊक आहे ते हेच तोंड. खरं कसं होतं, तुम्ही काढून दाखवा."

मी खडू घेतला. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा हाताने तेच हसू काढले.

यापुढे लिहिण्यासारखे काही नाही.

आन्सेल्म रिकोर्दो (सही)

साक्षीदार: बार्तेलेमी तिबो, कागदविक्रेता
ओनेसिम लाक्रोआ, चित्रे छापणारा

पॅरिस, ९ फेब्रुवारी १७६८