माझ्या नावाची मूठ

गुरु. ५ जुलै १९४५, प्रकाशा

सल्फाच्या गोळ्या आजपासून. दीड महिना. सुरतेला खडूचे पाणी पाजून फोटो काढला, त्यात आतडे एका जागी दोरीने आवळल्यासारखे दिसते. क्षय असेल, नसेलही. डॉक्टरांनाच नक्की नाही. नुसती सूज असेल तर गोळ्यांनी उतरेल. जुना व्रण भरून आतडेच आखडले असेल, तर गोळीचे काही चालायचे नाही, पोट फाडावे लागेल. तोवर सगळे पातळ. शाळेला रजा.

रवि. २२ जुलै

कळा कमी. पेज, ताक, गाळलेले वरण. बायको फडक्यातून गाळते आणि माझ्याकडे पाहत नाही. चुलीवर इतरांची भाकरी. पोरांना संयमाचे धडे देणारा मास्तर, आणि वासानेच तोंडाला पाणी.

बुध. ८ ऑगस्ट

काल पुन्हा कळ. पोट नगाऱ्यासारखे, ओकारी हिरवी.

कानबाईचा सण अकरा दिवसांवर. मायला म्हटले, यंदा रोटात, देवीच्या पोळ्यांच्या गव्हात, माझी मूठ धरू नको. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, आणि आमच्यात ज्याची पोळी त्यानेच खायची. मला चालणार नाही, देवीचे अन्न वाया कशाला?

शुक्र. १७ ऑगस्ट

गोळ्या काल संपल्या.

माय गहू मोजायला बसली. दादा, त्यांचे दोघे, माझा बाळू, एकेक नाव घेऊन. माझ्या नावापाशी हात थांबला आणि पुढे गेला. मीच सांगितले होते. वडील गेले त्या साली त्यांचेही नाव असेच गळले होते. घाबरलो, खोटे कशाला लिहू.

म्हणालो, "माय, मन्ही बी टाक."

"जित्ता माणूसनी मूठ सोडाले मन्हा हात व्हत नही," म्हणाली, आणि भरून घेतली. सव्वाहून जास्तच.

रवि. १९ ऑगस्ट

कानबाई बसली. पुरणाची पोळी, खीर, डांगराची भाजी. एक घास दुधात कुस्करून खाल्ला. फार गोड लागला. दुपारपासून कळ. कातडीखाली आतडे वळवळताना दिसते. हिला सांगितले नाही. तिला कळलेच.

सोम. २० ऑगस्ट

कानबाईचे विसर्जन, तापीत शिरवली. मी ओट्यावरूनच हात जोडले. उद्या दादा बैलगाडीने नंदुरबारला नेणार, तिथून रेल्वेने सुरत. सूज की आखडलेले, ते तिथेच कळेल.

माझी पोळी उरली आहे. दादांनी विचारले, बाळूला देऊ का. माय नको म्हणाली. तिने ती फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवली.

"तू ई जाय, मंग खाय. मी ठेवसू."

श्रावणाच्या दमट हवेत पुरण दोनच दिवस टिकते. मायला हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे.